रामटेक्यांच्या घरची उपमालिका

आमच्या घरी जे काही झालं, त्याचं मूळ एका खुर्चीत आहे. ती खुर्ची मी बेडरूममधून उचलली आणि समोरच्या खोलीत ठेवली. बस, एवढंच. माणूस आयुष्यात मोठमोठे निर्णय घेतो, लग्न करतो, प्लॉट घेतो, त्याचं काही होत नाही. आणि खुर्ची बारा फूट सरकवली तर घरातली सत्ता बदलते.

आधी माझी ओळख करून देतो. मी संघपाल रामटेके. वय सत्तेचाळीस, राहणार इंदोरा, नागपूर. सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. म्हणजे बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारून तो आत पाठवायचा, आणि आतून आलेल्या कागदावर शिक्का मारून तो बाहेर पाठवायचा. (मधल्या काळात कागदाचं काय होतं, हे मला एकवीस वर्षांत कळलेलं नाही. आत बसणाऱ्यांना कळलं असेल असंही वाटत नाही.) अशा नोकरीत माणसाला काहीतरी छंद लागतोच. कोणी कविता करतो, कोणी इतरांच्या बदल्यांचा अभ्यास करतो. मला टीव्हीवरच्या विनोदी मालिकांच्या इतिहासाचा नाद लागला. त्यातही स्पिन-ऑफचा.

स्पिन-ऑफ म्हणजे काय ते सांगतो. (आमच्या ऑफिसात हे वाक्य ऐकलं की लोक अर्धे डबे बंद करून हात धुवायला जातात. तुम्ही बसून राहाल अशी आशा आहे.) एखाद्या मालिकेत हिरो बाजूला राहतो आणि भलतंच कोणीतरी लोकांना आवडून जातं. मग त्या पात्राला मूळ घरातून काढतात, नवीन घर देतात, आणि त्याची स्वतंत्र मालिका सुरू करतात. थोडक्यात, वेगळी चूल. सत्तरच्या दशकात अमेरिकेत एका मालिकेतून शेजारी निघाले, नायकाच्या बायकोची नात्यातली बहीण निघाली, आणि त्या बहिणीच्या मालिकेतून तिची मोलकरीणसुद्धा निघाली. मूळ मालिकेतला म्हातारा तिकडे खुर्चीत बसून राहिला. मी या प्रकाराला 'उपमालिका' असा मराठी शब्द काढला होता आणि त्या विषयावर यूट्यूबवर व्याख्यानमाला सुरू केली होती. नाव होतं, 'उपमालिका: उगम आणि विकास'.

"हा पेपर किती मार्कांचा आहे?" प्रीतीनं विचारलं. प्रीती माझी बायको. शाळेत गणित शिकवते.

पहिल्या भागाला नऊ लोक आले. दुसऱ्याला अकरा. मी प्रीतीला म्हटलं, "वाढ पाहा."

"बावीस टक्के," ती म्हणाली. "पन त्यातले सहा तुमीच आहात. तुमचा मोबाइल, ऑफिसचा कॉम्प्युटर, माझा मोबाइल... माझ्या मोबाइलवर तुमी पाहता तेव्हा निदान आवाज तरी बंद ठेवत जा."

शूटिंग आमची मुलगी पायल करायची. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या भागानंतर ती म्हणाली, "बाबा, बेडरूममधला पंखा इतकी कटकट करून राहिला की तुमच्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकू येते. समोरच्या खोलीत बसा न."

मी खुर्ची हलवली. समोरच्या खोलीत मागे स्वयंपाकघराचं दार येतं. आणि स्वयंपाकघरात असते माझी आई, अंजनाबाई.

आईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नागपूरजवळच्या मौद्याला माझे वडील, गोपाळराव, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. तिथं आईचा आवाज तीन गल्ल्यांत जायचा. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी तिला इंदोऱ्याला घेऊन आलो. इथं आल्यापासून तो आवाज कुठं गेला ते कळेना. खिडकीपाशी बसायची. "जेवली का?" "हाव." "औषध घेतलं?" "हाव." दिवसाला आठ-दहा 'हाव', बस. आम्ही डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, वय आहे.

तर त्या दिवशी मी नव्या जागेवरून बोलायला सुरुवात केली. "१९४१ साली एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमातला शेजारी इतका लोकप्रिय झाला, की..."

मागून आवाज आला, "कोनाचा शेजारी?"

आई हातात दुधीभोपळा घेऊन दारात उभी.

"आई, थांब जरा."

"थांबतो. पन कोनाचा शेजारी थे सांग."

"अमेरिकेतला आहे तो. तो दुसऱ्या गावाले राहाले जाते, अन् त्याचा वेगळा कार्यक्रम सुरू होते."

"काहून? भांडन झालं का?" (काहून म्हणजे का; हा शब्द पुढे फार लागणार आहे.)

"नाही वं आई. लोकप्रिय झाला म्हणून."

"लोकप्रिय झाला म्हून गाव सोडते का कोनी? नक्की कोनाची तरी बादली उचलली असन." आईनं भोपळा काखेत धरला. "मौद्याले आपल्या बाजूचा तो नाही का गेला? सगळ्याइले म्हने, मोठ्या शहरात बोलावनं आलं. गेला बाप्पा बोलावन्यावर. अन् जाताना आमची शिडी घेऊन गेला. शिडीलेई बोलावनं होतं का?"

मी कॅमेऱ्याकडे पाहून शास्त्रीय चेहरा करायचा प्रयत्न केला. पायलचा मोबाइल हसण्यानं थरथरत होता.

माझ्या बावन्न मिनिटांच्या व्याख्यानातली ही चाळीस सेकंदं पायलनं कापून वेगळी टाकली. मी तिला ओरडणार होतो, पण त्याआधी दोन लाख लोकांनी ती पाहिली. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'आजीले बोलू द्या.' 'आजी एक नंबर.' 'ते काका मधात मधात काहून बोलून राहिले?'

मधात मधात! व्याख्यान माझं, खुर्ची माझी, आणि मधात मी!

पण खरं सांगतो, तेव्हा मला राग आला नाही. उलट छाती फुगली. साक्षात माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत एक उपमालिका जन्माला येत होती. इतिहासकाराच्या नशिबात असं भाग्य असतं का कधी? मी कुटुंबाची बैठक बोलावली आणि उभं राहून जाहीर केलं, "आईची स्वतंत्र मालिका निघेल. इतिहासाचा तसा नियमच आहे. फक्त सुरुवातीला 'मूळ संकल्पना: संघपाल रामटेके' असं आलं पाहिजे."

"मले काय येते गा?" आई म्हणाली. "मी काय बोलू?"

"तू फक्त काहून काहून विचार," पायल म्हणाली.

"थे तं मी लहानपनापासूनच इचारतो."

झालं. 'आजीचं काहून' सुरू झालं. आई खुर्चीत बसायची (माझ्याच), पायल तिच्या हातात एक कागद द्यायची, कधी लग्नपत्रिका, कधी नगरसेवकाच्या वाढदिवसाचं पत्रक, कधी गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात, आणि आई तो चष्म्याच्या वरून आणि खालून वाचायची. "'आमच्या येथे श्रीकृपेकरून', म्हने. अन् खाली लिव्हलं, आहेर आनू नये. काहून गा? मागच्या लग्नाचे डिनर सेट अजून संपले नाही वाटते." पाण्याच्या टाकीवरची सूचना वाचली, "पानी जपून वापरा. हाव, आलं म्हंजे जपू."

आई बोलायला लागली होती. सकाळी सहापासून. भाजीवाल्याशी, प्रीतीशी, बाहेरच्या कुत्र्याशी. 'हाव'वर थांबणारी बाई आता 'हाव' म्हणायलाच तयार नव्हती. प्रीती एकदा हळूच म्हणाली, "आईंचा चेहरा पाहिला का?" मी म्हटलं, "हो, लायटिंग चांगलं आहे."

(हे वाक्य मला आज आठवलं की मी एकटाच असलो तरी मान खाली घालतो.)

यात पहिलं संकट आलं ते ऑफिसच्या बाजूनं. आईनं एक दिवस वाचायला जो कागद घेतला, तो आमच्या कार्यालयाचं परिपत्रक होतं. डब्यातलं तेल गळू नये म्हणून मी ते डब्याखाली घेऊन आलो होतो. आईनं वाचलं, "'कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत आपापल्या जागेवर उपस्थित असणे अपेक्षित आहे.' काहून? मंग आता कुठं असते? अन् 'अपेक्षित आहे' म्हने. त्याइलेच खात्री नाही तं मी काय सांगू?"

सोमवारी आमचे अधीक्षक, विश्वनाथ पुराणिक, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मोबाइल, मोबाइलवर माझी आई.

"रामटेके, हे परिपत्रक घरी कसं गेलं?"

"साहेब, डबा... तेल गळत होतं... जुनं होतं साहेब, रद्दीतलं."

"मागच्या मंगळवारचं आहे."

मी उजवा कान खाजवायला लागलो. (घाबरलो की माझा हात आपोआप तिकडे जातो. कशाला, ते कानालाही माहीत नाही.) निलंबन, चौकशी, आईचा फोटो पुरावा म्हणून फायलीत, सगळं डोळ्यांसमोर आलं.

साहेबांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "आमच्या मिसेस विचारत होत्या. आजी रविवारी घरी असतात का? एक फोटो घ्यायचा होता." मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "आणि हे पुढचं परिपत्रक. मी या वेळी जरा मोकळ्या भाषेत लिहिलंय. निघायच्या आधी आजींना दाखवून घ्या, त्यांना कसं वाटतं."

अशा रीतीनं शासनाचा एक कागद आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वाचावा म्हणून लिहिला गेला.

दुसरं संकट कढीपत्ता मागायला आलं. समोरच्या घरातल्या सिंधूताई शूटिंग सुरू असताना दारात आल्या, तिथंच वेताच्या मोड्यावर बसल्या, आणि आईच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवून म्हणाल्या, "हाव न वं." बाकी काही नाही. आईनं विचारायचं "काहून?" आणि सिंधूताईंनी म्हणायचं "हाव न वं." प्रश्नाला हे उत्तर होत नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. लोक वेडे झाले. दोन आठवड्यांत 'हाव न वं' नावाची सिंधूताईंची वेगळी मालिका सुरू झाली. तीही पायलच काढायची.

उपमालिकेची उपमालिका! मी ऑफिसात सांगत सुटलो. "बघा, बहिणीतून मोलकरीण निघाली होती ना? तसंच."

"सिंधूताईले मोलकरीण म्हटलं का तुमी?" प्रीतीनं विचारलं. घरी कोणीतरी कळवलं होतं. त्या आठवड्यात समोरच्या घरातून आमच्याकडे पाटवड्या आल्या नाहीत.

आता या सगळ्यात मी कुठं होतो? 'आजीचं काहून'मध्ये मला एक काम होतं. साधारण तिसऱ्या मिनिटाला मी चहाचा कप आणून आईसमोर ठेवायचा आणि निघून जायचं. कॅमेरा आईवर असल्यानं माझी फक्त पाठ दिसायची. 'मूळ संकल्पना' हे शब्द आधी लहान झाले, मग शेवटी गेले, मग एकदा पायल म्हणाली, "बाबा, ते बसत नाहीये," आणि ते गेलेच.

एके दिवशी दुपारी सदरला स्टेशनरीच्या दुकानात उभा होतो. मागून एक बाई म्हणाल्या, "अवो, तुमी आजीच्या व्हिडीओतले का?"

मी आनंदानं वळलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा उतरला. "नाही वाटते," त्या मैत्रिणीला म्हणाल्या. "जरा पलटा बरं एकदा."

मी पलटलो.

"हाव वं, हेच!"

त्यांनी माझ्या पाठीसोबत सेल्फी घेतला. मी शक्य तितकं पाठीवर हसू आणलं.

त्यानंतर महिन्याभरात कॉलेजचं पत्र आलं. सदरमधल्याच एका कॉलेजातून. विषय होता, 'उपमालिका: घरातून जगाकडे', आणि वर 'मा. रामटेके यांस' असं लिहिलेलं. माझा शब्द! मी काढलेला! मी किरकोळ रजा टाकली, चौसष्ट स्लाइड केल्या, लग्नातला कोट काढला. (कोट आला. बटणं आली नाहीत.) आई म्हणाली, "मी येतो सोबत, घरी बसून का करू?" मी मोठ्या मनानं म्हटलं, चल.

हॉल खच्चून भरलेला. मी स्टेजवर गेलो तेव्हा टाळ्या पडल्या. त्या माझ्या मागे काठी टेकत येणाऱ्या बाईसाठी होत्या, हे मला पंधराव्या स्लाइडला कळायला लागलं. मागच्या रांगेतून 'आजी, आजी' सुरू झालं. मी आवाज वाढवला. बाविसाव्या स्लाइडला मुलं 'काहून' म्हणून ओरडायला लागली. आई पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर गाढ झोपली होती. प्राचार्यांनी मला चिठ्ठी पाठवली: 'कृपया आजींना वेळ द्यावा.' मी चिठ्ठी वाचून खिशात ठेवली आणि तेविसावी स्लाइड लावली.

शेवटी त्यांनीच आईला उठवून माइक दिला. आईनं डोळे चोळले, पाचशे मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हा का बोलते थे मलेई नाही समजत," ती म्हणाली. "पन घरी याचं कोनी आयकत नाही. तुमी कॉलेजात शिकता, तुमी तरी आयका."

हॉल पाच मिनिटं हसत होता. प्राचार्य हसले. माइक लावणारा माणूस भिंतीला टेकून हसला.

आईनं ते मायेनंच म्हटलं होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मी घरी आलो, कोट फेकला, आणि प्रीती आणि पायलसमोर ओरडलो, "हे बंद झालं पाहिजे! मूळ मालिका माझी आहे! आई, तू माझ्या कार्यक्रमात मागून आलीस. तू माझी उपमालिका आहेस!"

आई चप्पल काढत होती. एक चप्पल हातात घेऊन तिनं वर पाहिलं.

"मी तुही?" ती म्हणाली. "मी तुह्या पोटातून निघाली का तू माह्या?"

पायल हसली. प्रीतीनं तोंडावर पदर घेतला. आणि मी... चॅनल माझ्या ईमेलवरून उघडलेलं होतं. मी मोबाइल काढला, पासवर्ड बदलला, आणि आजी, सिंधूताई, शिडी, परिपत्रक, सगळे व्हिडीओ एकेक करून झाकून टाकले. फक्त माझी व्याख्यानं ठेवली.

आईनं दुसरी चप्पल काढली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी मी एकोणिसावा भाग रेकॉर्ड केला. पायलनं नकार दिला म्हणून मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला. घरात पूर्ण शांतता. कोणी मधे आलं नाही. कोणी 'काहून' म्हटलं नाही. मी सलग सत्तर मिनिटं बोललो आणि मग शांतपणे बसून पाहिलं. आठव्या मिनिटाला मला डुलकी लागली. माझ्याच व्याख्यानात, माझ्याच तोंडासमोर.

संध्याकाळी आईला विचारलं, "जेवली का?"

"हाव."

"औषध?"

"हाव."

ती खिडकीपाशी बसली होती. मौद्याहून आली तेव्हा बसायची तशीच. डॉक्टरनं सांगितलं होतं, वय आहे. पण मधले पाच महिने मग हे वय कुठं गेलं होतं? मी प्रीतीकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. वर न पाहता म्हणाली, "मी काही बोलनार नाही. तुमी हिशेब तुमचा तुमी करा."

आणखी तीन दिवस मी आईला बोलतं करायचा प्रयत्न केला. मुद्दाम भाजी करपवली. मुद्दाम म्हणालो, मौद्याची वांगी काही एवढी चांगली नसतात. आई म्हणाली, "हाव." यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते वैदर्भीय वाचकांच्या लक्षात येईल.

गुरुवारी मी दुपारीच ऑफिसातून आलो. प्रीती आणि पायल घरी नव्हत्या. आई खिडकीपाशी. मी तिच्याजवळ खाली फरशीवर बसलो. मोबाइल बाहेरच ठेवला होता. काय बोलावं कळेना, म्हणून जे येतं तेच बोललो.

"आई, अमेरिकेत सहा मित्रांची एक मालिका होती. दहा वर्षं चालली. लोकाइले लय आवडे. मग त्यातल्या एकाले दुसऱ्या गावी पाठवलं, अन् त्याची वेगळी मालिका काढली. तोच माणूस, तसाच बोले, तसाच हासे. पन दोन वर्षांत बंद झाली."

 मग खिडकीकडे पाहतच आई म्हणाली, "काहून?"

मी पुढे सरकलो. "सोबतचे सगळे मागं राहिले न त्याचे. एकट्याले नसन जमलं."

"हाव," आई म्हणाली. हा 'हाव' वेगळा होता. "नाहीच जमत गा. बोलाले कोनी लागते. तुहे बाबा होते तं मी बोलो, ते पाना हातात घेऊन हू हू करे. इथं आली तं कोनाले बोलू? सगळे आपल्या आपल्या कामात." मग तिनंच विचारलं, "अन् कोनाचीच नाही चालली का?"

"चालली न. एक होता डॉक्टर. तोई असाच दुसऱ्या गावी गेला. त्याची अकरा वर्षं चालली."

"त्याची काहून चालली?"

"त्याच्या घरी त्याचा म्हातारा बाप राहाले आला. बाप रोज त्याले बोले. टोचून टोचून बोले."

आईनं पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं. "अन् पोरगा बोलू दे का त्याले?"

मी खाली फरशीकडे पाहिलं. "दे," मी म्हणालो. "आई, चुकलं माझं. मी आत्ताच सगळं सुरू करतो. तू बोल. पाहिजे ते बोल. कॉलेजात बोलली तेच बोल, सगळ्या नागपूरले सांग. मी चहा आणत जाईन."

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सत्तेचाळिसाव्या वर्षी टक्कल पडलेल्या डोक्यावर असा हात फिरला की काय होतं, ते मी लिहिणार नाही. मी उठून मोबाइल आणला आणि एकेक व्हिडीओ उघडत गेलो. मला वाटलं, आईचे डोळे भरून येतील.

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजले का? सरक बरं, मले जाचं आहे."

"कुठं?"

"सिंधूच्या घरी. शूटिंग आहे."

"शूटिंग?"

"तू बंद केलं न तुह्या घरचं. सोमवारी सिंधूनं हात धरून नेलं मले. पायलनं नवीन चॅनल काढून देल्लं, सिंधूच्या नावावर. तीन दिवस झाले."

"अन् मग घरी आल्यावर चूप काहून बसते?"

"घरी तू असते न," आई म्हणाली आणि काठी घेतली.

मी तिच्या मागे मागे समोरच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत प्रीती होती, पायल होती, मोड्यावर सिंधूताई होत्या. मधोमध एक टेबल, टेबलावर पुस्तकांची थप्पी, आणि टेबलामागे खुर्चीवर माझा चौकटीचा शर्ट घालून प्रीतीचा भाऊ विक्की बसला होता. विक्कीचं कन्हानला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सोमवारी तांब्याची तार घ्यायला नागपूरला आला, आणि यांनी त्याला धरून ठेवलं होतं.

"हा इथं काय करतो?" मी विचारलं.

 पायल म्हणाली, "बाबा, लोकाइले आजीच्या समोर ते व्याख्यान देणारे काका पाहिजेच होते. त्यांच्याशिवाय आजी बोलन कोनाले? तुमी तर रागात होते. म्हणून पात्र तेच ठेवलं, नट बदलला. टीव्हीवर होते न असं? तुमीच सांगितलं होतं, सातव्या भागात."

सातवा भाग कोणीतरी पाहिला होता! एक क्षण मला बरं वाटलं.

"चालून राहिलं का?" मी विचारलं. पायलनं मोबाइल पुढे केला. खाली लिहिलेलं वाचलं. 'नवीन काका मस्त.' 'हे काका एकदम ओरिजिनल वाटतात.' 'आधीच्यापेक्षा बरे. आधीचा लय ओव्हरअ‍ॅक्टिंग करत होता.'

"भाऊजी, बरं झालं आले," विक्की खुर्चीवरून म्हणाला. त्याला एकदम कामाचं काहीतरी आठवलं होतं. "एक सांगा, तुमी घाबरता तेव्हा कान कोनता खाजवता? डावा का उजवा? पायल डावा म्हनते, मले वाटते उजवा."

मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा माझा हात आधीच उजव्या कानावर होता. "हाव, उजवा," तो म्हणाला आणि तसा करून पाहिला. माझ्यापेक्षा चांगला केला.

"चला, सुरू करू," पायल म्हणाली. "आजी, तू आता याले माफ केलं, असा सीन आहे."

आई सोफ्यावर बसली. पदर नीट केला. आणि इतक्या मऊ आवाजात बोलली, की मौद्याचं घर, दारातली सायकल, शाळेतून येणारा मी, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

"संघ्या," ती म्हणाली, "ये माह्या बाप्पा, बस जवळ. लय दमला असशीन."

 मी चप्पल दारातच सोडली आणि दोन पावलं पुढे गेलो.

"तू नाही गा," आई म्हणाली. "हा."